संग्रहालयाचा संग्रह नव्यानं हाती आलाय? चोरी आणि मालकीच्या वादांपासून तो राखायचा कसा

संग्रहाची जबाबदारी नव्यानं आली की बहुतेक जण आधी कॅमेऱ्यांची मागणी करतात. कॅमेरे हवेतच, पण त्याआधी नोंदवही उघडा. आपल्याकडे काय आहे, ते नेमकं कुठे आहे आणि आपल्याकडे कसं आलं, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर चोरी झाल्याचंही लवकर कळत नाही. उद्या कुणी ‘ही वस्तू आमची’ म्हणत दारात उभा राहिला, तर त्याला दाखवायलाही हातात काही नसतं.

ब्रिटिश म्युझियमनं ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या भांडारातल्या अनेक वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा नासधूस झालेल्या आहेत. नंतर हा आकडा सुमारे २,००० असल्याचं सांगण्यात आलं. त्यांत कोरीव रत्नं आणि दागिन्यांसारख्या लहान वस्तू होत्या, आणि बऱ्याच वस्तूंची पूर्ण नोंदच झालेली नव्हती. संशय आला तो बाहेरच्या एका जाणकार विक्रेत्याला, ऑनलाइन विक्रीतल्या वस्तू पाहून. जगातल्या नावाजलेल्या संग्रहालयात हे घडू शकतं, तर चार माणसांवर चालणाऱ्या संग्रहालयाची नोंदवही किती महत्त्वाची असेल याचा विचार करा.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं जमवा:

- मुख्य नोंदवही, म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टर. जुन्या नोंदवह्या फाटक्या असल्या तरी त्याही
- देणगीपत्रं, खरेदीच्या पावत्या, मृत्युपत्रांच्या प्रती, अदलाबदलीचे करार
- वस्तू बाहेर दिल्याचे आणि बाहेरून आणल्याचे सगळे लोन करार
- निर्यात आणि आयात परवाने, जकातीचे कागद
- संवर्धनाचे आणि स्थितीचे जुने अहवाल, जुने फोटो, प्रदर्शनांचे कॅटलॉग
- विम्याची पॉलिसी, कुलपं-किल्ल्यांची यादी
- कॅमेरा, मोजपट्टी, रंगपट्टी, टॉर्च, सुती हातमोजे आणि नायट्राइलचे हातमोजे

जुना पत्रव्यवहार रद्दीत काढायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आधी तो थांबवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या आभाराच्या एखाद्या पत्रावर पुढे अख्खा मालकीहक्क उभा राहू शकतो.

१. आधी मोजणी, आणि तीही दोन्ही बाजूंनी

नोंदवही हातात घेऊन एकेक वस्तू शोधणं ही अर्धीच मोजणी झाली. उरलेली अर्धी उलटी करायची: कपाटातली प्रत्येक वस्तू उचलायची आणि तिची नोंद सापडते का ते पाहायचं. पहिल्या फेरीत हरवलेल्या वस्तू कळतात, दुसऱ्या फेरीत बिननोंदीच्या. धोका दुसऱ्या गटाला जास्त, कारण जी वस्तू कागदावर नाही ती कुणी खिशात घातली तरी कमी काहीच होत नाही.

क्रमांक देताना वर्ष, त्या वर्षातला कितवा संच आणि संचातली कितवी वस्तू अशी साधी पद्धत पुरते: २०२४.१५.३. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला देऊ नका, मूळ वस्तू संग्रहातून गेली तरीही. जुना क्रमांक पुसूही नका. तो नव्या नोंदीत ‘पूर्वीचा क्रमांक’ म्हणून लिहा.

क्रमांक वस्तूवर टाकायची रीत माध्यमाप्रमाणे बदलते. दगड, धातू, मातीच्या भांड्यांवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर शाईनं लिहितात आणि वर पुन्हा एक थर देतात. हा थर योग्य द्रावकानं काढता येतो, वस्तूला इजा होत नाही. कापडावर सुती पट्टी शिवा. कागदावर मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात लिहा. चिकटपट्टी कुठेच लावू नका. चित्राचा क्रमांक फक्त चौकटीवर घालणं ही नेहमीची चूक, कारण चोर चित्र नेतो आणि चौकट मागे टाकतो. कॅनव्हास ज्या लाकडी पट्ट्यांवर ताणलेला असतो, त्यांच्यावरही क्रमांक हवा.

बिननोंदीची वस्तू सापडली तर ‘संग्रहात आढळली’ असं लिहून तारीख आणि जागा टाका. ती अमुक देणगीतून आली असावी, असा अंदाज नोंदीत घुसवू नका. आजचा अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून वाचला जातो आणि मग तो खोडणं फार जड जातं.

२. प्रत्येक वस्तूची ओळखपत्रासारखी नोंद

यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. गेटी संस्थेच्या पुढाकारानं ते तयार झालं आणि १९९७ मध्ये जाहीर झालं. वस्तूचा प्रकार, माध्यम व तंत्र, मापं, तिच्यावरचे लेख किंवा खुणा, खास ओळखचिन्हं, शीर्षक, विषय, काळ आणि कर्ता एवढं लिहायचं, आणि सोबत फोटो व थोडक्यात वर्णन. पोलीस आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना समजेल अशीच ही रचना आहे.

यातला ‘खास ओळखचिन्हं’ हा रकाना मनापासून भरा. ‘पितळी मूर्ती, उंची २२ सें.मी.’ या वर्णनात बसणाऱ्या शेकडो मूर्ती बाजारात मिळतील. ‘डाव्या पायाच्या अंगठ्याचा टवका गेलेला, बैठकीच्या मागे ओतकामातलं तांदळाएवढं छिद्र, उजव्या कानामागे हिरवट गंज’ या वर्णनाची मूर्ती मात्र एकच. चित्राच्या बाबतीत रंगाच्या थराला गेलेले तडे फार उपयोगी. त्यांची जाळी प्रत्येक चित्रात वेगळी असते आणि तिची हुबेहूब नक्कल करणं जवळजवळ अशक्य असतं. उजेड एका बाजूनं तिरका टाकून एक फोटो घ्या, म्हणजे तडे, उंचवटे, जुनी डागडुजी ठळक दिसते. मागची बाजू, तळ आणि आतली बाजू यांचेही फोटो मापपट्टी ठेवून घ्या.

हे सगळं एकाच संगणकावर ठेवू नका. एक प्रत इमारतीबाहेर हवी. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तेव्हा वस्तूंबरोबर कागदपत्रंही जळाली.

३. मालकीचा इतिहास: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वस्तू घडली तेव्हापासून आज आपल्या कपाटात येईपर्यंत ती कुणाकुणाच्या हातातून गेली, ही साखळी म्हणजे प्रॉव्हेनन्स. नव्या माणसाला हे इतिहासकारांचं काम वाटतं, पण संग्रहालयं खरी अडचणीत येतात ती इथेच.

युनेस्कोचा १९७० चा करार सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात, निर्यात आणि मालकी-हस्तांतर रोखण्यासाठी आहे. तो पूर्वलक्षी नाही, तरी बरीच संग्रहालयं १९७० हे वर्ष उंबरठा मानतात: त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती किंवा नंतर कायदेशीरपणे बाहेर आली, याचा पुरावा नसेल तर घ्यायची नाही. बनावट कागद करणाऱ्यांनाही हे वर्ष पाठ आहे, म्हणून तर इतक्या वस्तू १९७० च्या आसपासच ‘बाहेर आलेल्या’ दाखवल्या जातात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये नेजेमांख या पुजाऱ्याची सोन्यानं मढवलेली शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरना घेतली. सोबत १९७१ चा इजिप्तचा निर्यात परवाना होता. तपासात तो बनावट निघाला. परवान्यावरची तारीख मे १९७१ ची आणि शिक्का ‘इजिप्त अरब प्रजासत्ताक’ या नावाचा. त्या महिन्यात देशाचं अधिकृत नाव अजून ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ होतं. शवपेटी २०११ च्या उलथापालथीत इजिप्तमधून चोरून बाहेर नेलेली होती, आणि २०१९ मध्ये ती परत गेली. तेव्हा कागद हातात आला की वस्तूकडे पाहता तितक्याच बारकाईनं त्याच्याकडे पाहा. कागदावरच्या तारखेला ते खातं, ते पद, तो शिक्का, तो दूरध्वनी क्रमांक अस्तित्वात होता का? टाइप केलेली अक्षरं त्या काळातली आहेत का?

दुसरं उदाहरण श्रीपुरंदानच्या नटराजाचं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सुभाष कपूर या पुरावस्तू-विक्रेत्याच्या गॅलरीकडून ही चोळ काळातली मूर्ती घेतली. ती १९७० च्या सुमारासच भारताबाहेर आल्याची कहाणी कागदोपत्री रचलेली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या छायाचित्रसंग्रहात मात्र हीच मूर्ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी तमिळनाडूतल्या मंदिरात उभी असलेली दिसत होती. २०१४ मध्ये मूर्ती भारतात परतली. विक्रेत्यानं दिलेली कागदपत्रं तपासून थांबू नका. त्याच्याशी काहीच संबंध नसलेल्या छायाचित्रसंग्रहांत, उत्खननाच्या अहवालांत, जुन्या लिलावांच्या कॅटलॉगांत वस्तू शोधा.

युरोपातून आलेल्या चित्रांत १९३३ ते १९४५ या काळातली रिकामी जागा दिसली की लगेच थांबा. नाझी राजवटीत ज्यू कुटुंबांकडून हिसकावलेल्या किंवा दबावाखाली विकायला लावलेल्या कलाकृतींबाबत १९९८ मध्ये ४४ देशांनी वॉशिंग्टन तत्त्वं मान्य केली, म्हणजे अशा कलाकृती शोधून त्यांवर न्याय्य तोडगा काढण्याची तत्त्वं. ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं ‘पोर्ट्रेट ऑफ वाली’ व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्युझियमकडून न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी आलं आणि १९९८ मध्ये तिथेच वादात अडकलं. प्रकरण मिटलं २०१० मध्ये, मूळ मालकिणीच्या वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर देऊन. चित्राच्या पाठीवरचे लेबल, खडूनं लिहिलेले आकडे, जकातीचे शिक्के या शोधात फार कामी येतात. नवीन चौकट घालताना ते खरवडून टाकू देऊ नका.

‘एका जुन्या खासगी संग्रहातून’ या वाक्याला पुरावा समजू नका. संग्रह कुणाचा, कुठला, कोणत्या वर्षी, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर वस्तू कितीही देखणी असो, नकार द्या. आणि चोरीच्या वस्तूंच्या यादीत नाव नाही म्हणजे वस्तू स्वच्छ, असंही नाही. आर्ट लॉस रजिस्टर किंवा इंटरपोलच्या यादीत तेच सापडतं जे कुणीतरी कळवलेलं असतं. जमिनीतून चोरून खणलेल्या भांड्याची तक्रार कोण करणार? ते जमिनीखाली होतं हेच कुणाला ठाऊक नसतं. अशा वस्तूंसाठी आयकॉम या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेच्या ‘रेड लिस्ट’ पाहा. कोणत्या देशातले कोणते प्रकार धोक्यात आहेत, ते त्यांत चित्रांसह दिलेलं असतं.

४. देणगी, लोन आणि ठेवून गेलेल्या वस्तू

देणगीपत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मालकी, ताबा आणि कॉपीराइट. चित्र तुमच्या मालकीचं झालं म्हणून त्याचं पोस्टर छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो सहसा कलाकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. देणाऱ्याला देण्याचा अधिकार आहे का, हेही विचारा. चार भावंडांच्या सामाईक मालकीची वस्तू एकानं दिली तर उरलेली तिघं कधीतरी येणारच.

सगळ्यात जास्त तंटे ‘कायमस्वरूपी लोन’ नावाच्या प्रकारातून होतात. आजोबांनी ठेवायला दिलं की देऊन टाकलं, हे नातवंडांना माहीत नसतं आणि संग्रहालयालाही सांगता येत नाही. प्रत्येक लोनला संपण्याची तारीख घाला, नूतनीकरण लेखी करा, आणि दरवर्षी मालकाचा पत्ता ताजा करा. दोन्ही बाजूंनी सही केलेला, फोटोसकट स्थिती अहवाल वस्तू येताना आणि जाताना हवाच. विमा भिंतीवरून निघाल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा असावा. वाहतुकीतला टप्पा सुटलेला नाही ना, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

कुणी काउंटरवर वस्तू ‘बघून ठेवा’ म्हणून सोडून गेला तर तात्पुरती पावती द्या. नाव, तारीख, कारण, परत नेण्याची मुदत. पावतीविना आत आलेली वस्तू काही वर्षांनी कुणाचीच राहत नाही.

५. कुलपं, काचा आणि मिनिटं

सुरक्षेच्या उपकरणांवर इथे लांबलचक लिहीत नाही, कारण ते इमारतीप्रमाणे बदलतं आणि त्यासाठी तज्ज्ञ बोलवायलाच हवा. हिशोब मात्र तुम्ही स्वतः करा: अलार्म वाजल्यापासून मदत पोचायला किती मिनिटं लागतात आणि चोराला वस्तूपर्यंत जाऊन बाहेर पडायला किती? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा झाला पाहिजे. जाळी, लॅमिनेटेड काच, जड शोकेस, बंद दारं हे सगळं चोराचा वेळ खाण्यासाठी असतं. १९ ऑक्टोबर २०२५ ला लूव्रमध्ये चोर सामान चढवण्याच्या लिफ्टनं बाल्कनीत चढले आणि सगळं काम आठ मिनिटांच्या आत उरकून दागिने घेऊन गेले, तेही दिवसाढवळ्या.

बाहेरून इमारतीभोवती नियमित फेरी मारा आणि जाळ्या हातानं हलवून बघा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट या खजिना-संग्रहालयातली २०१९ ची चोरी आठवा: खिडकीची जाळी चोरांनी काही दिवस आधीच कापून जागच्या जागी परत चिकटवून ठेवली होती. लांबून पाहणाऱ्याला ती शाबूतच दिसत होती.

अलार्म बिघडला तर तो दुरुस्त होईपर्यंत दालन बंद करा किंवा तिथे माणूस बसवा. पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयातून मे २०१० मध्ये पाच चित्रं गेली, तेव्हा अलार्मची यंत्रणा काही भागांत नादुरुस्त होती.

रात्री दार कुणालाही उघडायचं नाही, पोलिसांच्या गणवेशातल्या माणसालाही नाही. आधी ठाण्याला आपण स्वतः, आपल्याकडच्या क्रमांकावर फोन करायचा. बॉस्टनच्या इसाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियममध्ये १८ मार्च १९९० ला पोलीस बनून आलेल्या दोघांना पहारेकऱ्यानं आत घेतलं. बाहेर मदत मागायचं एकमेव बटण त्याच्या टेबलाशी होतं, आणि चोरांनी त्याला टेबलापासून दूर बोलावलं. तेरा कलाकृती गेल्या, त्या आजवर मिळालेल्या नाहीत. तुमच्याकडे असं बटण एकच आहे का, ते आजच बघा.

६. रिकामी जागा दिसली की विचारलंच पाहिजे

‘मोनालिसा’ २१ ऑगस्ट १९११ ला लूव्रमधून गेली, पण ती चोरीला गेल्याचं कळायला दुसरा दिवस उजाडला. भिंत रिकामी दिसत होती. फोटो काढायला नेलं असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. वस्तू हलवली की तिच्या जागी चिठ्ठी: क्रमांक, कुठे नेली, कुणी, कधी, परत कधी, सही. चिठ्ठीविना रिकामी जागा दिसली की सफाई कामगारानंसुद्धा ताबडतोब सांगायचं, आणि असं सांगणाऱ्यावर कुणी चिडायचं नाही. त्यानं दहा वेळा विनाकारण सांगितलं तरी चालेल.

भांडारात एकट्यानं जायचं नाही, हा नियम संचालकांनाही लागू करा. आतल्या माणसावर संशय घेणं अनेकांना जड जातं, ते मी समजू शकते. पण जोडीनं जाण्याचा नियम प्रामाणिक माणसाचंच रक्षण करतो, कारण काही गहाळ झालं तर त्याच्यावर बोट दाखवता येत नाही. किल्ल्या सहीनं द्या, सहीनं घ्या, घरी नेऊ देऊ नका. महिन्याला यादीतले काही क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्या वस्तू जागेवर आहेत का ते भांडाराच्या बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. अभ्यासकाला पेटी देताना आणि परत घेताना त्याच्यासमोर वस्तू मोजा.

दिवसा प्रेक्षक असतानाही हीच दक्षता हवी. स्टेफान ब्राइटविझर यानं १९९५ ते २००१ या काळात युरोपातल्या संग्रहालयांमधून दोनशेहून अधिक वस्तू उचलल्या. बहुतेक वेळा उघड्या वेळेत, शोकेसचे साधे स्क्रू काढून. तुमच्या शोकेसचे स्क्रू खिशातल्या चाकूनं फिरतात का, एकदा करून बघा.

७. चोरी झालीच तर

दालन बंद करा, कशालाही हात लावू नका, पोलिसांना बोलवा. पोलीस येईपर्यंत बाकीच्या दालनांची मोजणी करा, कारण काय काय गेलं हे पहिल्या नजरेत कधीच कळत नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण लगेच वेगळं साठवा. बऱ्याच यंत्रणा काही दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसतात. ऑब्जेक्ट आयडीची नोंद आणि फोटो पोलिसांना द्या. इंटरपोलच्या चोरीच्या कलाकृतींच्या यादीत वस्तू देशाच्या राष्ट्रीय केंद्रामार्फत जाते, त्यामुळे ती पाठवली का, हे लेखी विचारत राहा. ही यादी आयडी-आर्ट या मोफत अ‍ॅपवर कुणालाही तपासता येते. विमा कंपनीला मुदतीत कळवा.

वस्तू परत देतो म्हणून कुणाचा फोन आला तर एकट्यानं वाटाघाटी करू नका. आणि फाइल कधीच बंद करू नका. व्हॅन गॉग म्युझियममधून २००२ मध्ये गेलेली दोन चित्रं २०१६ मध्ये नेपल्सजवळ सापडली.

८. दावेदार आला तर

आधी नीट ऐका आणि पोच लेखी द्या. ‘मुदत उलटून गेली’ हे पहिलं उत्तर देऊ नका. कायद्यात ते कदाचित बरोबर ठरेल, पण ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याच्याशी बोलणं तिथेच संपतं. दावा निकाली निघेपर्यंत ती वस्तू विकू नका, लोनवर पाठवू नका. वकिलाला लगेच कळवा. तुमच्याकडची कागदपत्रं, गैरसोयीची असली तरी, दडवू नका; ती बाहेर आल्याशिवाय राहत नाहीत.

जिंकणं किंवा हरणं एवढेच मार्ग नसतात. मेट्रोपॉलिटननं १९७२ मध्ये दहा लाख डॉलरना घेतलेलं, प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनियॉसनं रंगवलेलं वाइन-पाणी मिसळायचं पात्र २००८ मध्ये इटलीला परत गेलं, आणि त्याच करारानुसार इटलीनं त्या तोडीच्या वस्तू दीर्घ मुदतीच्या लोनवर दिल्या. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं २०२२ मध्ये बेनिन या आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्याच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. काही वस्तू लगेच गेल्या, बाकीच्या तिथेच लोनवर राहिल्या. भरपाई, संयुक्त मालकी, फलकावर मूळ मालकाचं नाव असेही पर्याय असतात. मानवी अवशेष आणि पूजेतल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र संबंधित समाजाचं म्हणणं पहिल्या बैठकीपासून टेबलावर हवं, आणि दावा येण्याची वाट न पाहता आपणच त्यांना कळवणं मला योग्य वाटतं.

९. चार्ज घेताना आणि देताना

हे काम बहुतेक जण सहीपुरतं करतात. चार्ज घेताना जुन्या आणि नव्या जबाबदार व्यक्तीनं मिळून, तिसऱ्या माणसासमोर प्रत्यक्ष पडताळणी करा. संग्रह मोठा असेल तर मौल्यवान वस्तू शंभर टक्के आणि उरलेल्यांची निवडक तपासणी. न सापडलेल्या वस्तूंची यादी वेगळी करून तिघांच्या सह्या घ्या, आणि तिची प्रत संचालक मंडळाला त्याच आठवड्यात द्या. मुख्य नोंदवहीच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख आणि सह्या टाका, म्हणजे मागाहून मध्ये काही घुसवता येत नाही. किल्ल्यांचे संच मोजा, पासवर्ड बदला, आणि एखादी किल्ली कमी भरली तर ते कुलूप त्याच दिवशी बदलून घ्या.